मोटारसायकलचं इंजिन विमानाला जोडताना रबर विसरू नका

घरी बांधलेल्या हलक्या विमानाला मोटारसायकलचं इंजिन बसवतोय म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, ‘किती एचपी?’ एचपी फुकट मिळतं हो, जुन्या गाड्यांच्या बाजारात ढिगाने पडलेलं असतं. ते प्रॉपेलरपर्यंत काही न मोडता पोचवायचं कसं, हे कोणी विचारत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका शेडमध्ये मी गेल्या काही वर्षांत अशी पाच इंजिनं चाचणीच्या स्टँडवर चढवली. उतरवली त्याहून जास्त वेळा. लेथ, वेल्डिंग आणि मल्टिमीटर तुम्हाला येतं असं धरूनच पुढचं लिहितोय.

इंजिन. साडेतीनशे-चारशे सीसीचं, पाण्याने थंड होणारं, इंजेक्शनवालं सिंगल, म्हणजे एका सिलिंडरचं, घ्या. आवाज आवडतो म्हणून बुलेट घेऊ नका. ३५० ची बुलेट जेमतेम २० एचपी देते आणि त्या मानाने लोखंड फार वाहायला लावते. माझ्याकडची शेवटची तिन्ही इंजिनं बजाजच्या डोमिनार ४०० ची होती: ३७३ सीसी, ८८०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) ४० एचपी. पण हा ४० चा आकडा विसरा. बाईकवर ८८०० आरपीएम दोन-चार सेकंद लागतात, विमान चढताना तिथे मिनिटं काढावी लागतात. मी ६५०० धरतो. तिथे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३५ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ३२ एचपी.

त्यातूनही आपला उन्हाळा वाटा काढतो. इथल्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे. मे महिन्यात ४२ अंशांना तिथली हवा साडेपाच हजार फुटांवर असावी इतकी विरळ होते आणि ताकद १५ टक्क्यांच्या आसपास घटते. इंजेक्शन मिश्रण सांभाळतं, हरवलेली हवा परत आणत नाही. हातात उरले २७ एचपी. म्हणून एकच सीट. मित्राला मागे बसवायचा विचार आत्ताच सोडा.

रिडक्शन, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या प्रॉपेलरपर्यंत कमी करणं. १.४ मीटरचा प्रॉपेलर थेट ६५०० वर फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला ४७५ मीटर पळेल, आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पुढे. मग ढकलणं राहतं बाजूला, नुसती किंकाळी. २.६ पट रिडक्शन दिलं की प्रॉप २५०० वर येतो आणि टोक १८५ च्या आत. बाईकच्या गिअरच्या खोक्यात प्रायमरी (क्रँक ते क्लचची दातेरी जोडी) आणि गिअर आधीच आहेत. वरचा एक गिअर पक्का करा, शिफ्ट ड्रम लॉक करा, दात मोजून गुणाकार करा आणि राहिलेला फरक पुढच्या स्प्रॉकेटच्या जागी दातेरी बेल्टची पुली लावून काढा. प्रॉप कधीही गिअरबॉक्सच्या शाफ्टवर थेट लावू नका. त्याला स्वतःचा शाफ्ट आणि टेपर रोलर बेअरिंगची जोडी हवी, कारण प्रॉपची ओढ आणि वळताना येणारी मुरड सोसायला तो खोका बनवलेलाच नाही.

आता खरी अडचण. इथे माझे चार महिने गेले.

पहिल्या स्टँडवर सगळं सरळ रेषेत, बॅलन्स केलेलं, देखणं होतं. तीन हजारांच्या आसपास गेलं की शाफ्ट खडखडायचा आणि टॅकोचा, म्हणजे फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरचा, काटा थरथरायचा. वर गेलं की शांत. मी प्रॉप काढला, बॅलन्स केला, लावला, पुन्हा काढला. एकदा बेल्टचे दात सोलले गेले, एकदा पुलीला शाफ्टवर अडकवणारी चावी कातरली. लेथवाला म्हणाला, ‘‘दादा, शाफ्टच बारीक हाय की. पस्तीसचा घालू, हलायचं नाही मग.’’ जो भेटेल तो हेच सांगतो: जाड करा, कडक करा. मी ऐकलं. तीन हजारांची खडखड गेली आणि पाच हजारांवर उभी राहिली, नेमकी विमान चढतं त्या जागेजवळ. पूर्वी रोग सुस्त चालीत होता, आता ऐन कामात आला.

कारण समजून घ्या. फोर-स्ट्रोक सिंगल दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे ताकद सलग येत नाही, हातोड्याचे ठोके येतात. ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके. एका टोकाला क्रँक, दुसऱ्या टोकाला जड प्रॉप आणि मध्ये पीळ खाणारा शाफ्ट. या जोडीला स्वतःचा एक झोका असतो. ठोक्यांची लय त्या झोक्याशी जुळली की प्रत्येक ठोका आधीच्यावर चढतो. पाळण्याला योग्य क्षणी बोट लावत राहिलं तर काय होतं, तेच. शाफ्ट कडक केला की झोका जलद होतो, म्हणजे जुळणी वरच्या आरपीएमला सरकते. आपल्याला ती खाली, आयडलच्याही (थ्रॉटल सोडल्यावरच्या किमान फेऱ्यांच्याही) खाली हवी आहे. त्यासाठी मध्ये काहीतरी मऊ पाहिजे.

हे मला पुस्तकाने नाही, पंक्चरने शिकवलं. स्वतःच्या गाडीचं मागचं चाक खोललं तर हबमधून रबराचे ठोकळे टपाटप खाली पडले. बाईकवर इंजिन आणि डांबर यांच्यामध्ये हे ठोकळे, चेनचा झोल आणि टायर एवढी गादी असते. आपण चाक काढतो, इंजिन घेतो आणि ती गादी भंगारात देतो. क्लचच्या टोपलीतल्या स्प्रिंगा थोडं सोसतात, पण पुरत नाहीत.

तेव्हा गादी परत घाला. मोठी पुली आणि प्रॉपशाफ्ट यांच्यात मागच्या हबसारखीच रचना करा: एकमेकांत अडकणारे लोखंडी पंख आणि त्यांच्या मधल्या खोबणीत रबर. रबर फाटलं तरी पंखाला पंख टेकून प्रॉप फिरत राहिला पाहिजे. नुसत्या रबराच्या चकतीवर जीव टांगू नका. आणि रबर त्याच गाडीचं घेऊ नका, ही चूकही मी केली. पहिल्या गिअरमध्ये चाकावर येणारा जोर आपल्या प्रॉपच्या जोराच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे ४०० च्या गाडीचं रबर इथे दगडासारखं वागतं. मला दीडशे सीसीच्या गाडीचं चाललं. मग आयडल २२०० च्या वर ठेवा. चालू करताना एकदा खडखड होईल. ती जुळणी ओलांडल्याची आहे, तिथे रेंगाळू नका. उष्णतेने आणि तेलाने रबर मरतं, म्हणून सायलेन्सरच्या बाजूने पत्रा लावा. मी दर ५० तासांनी नवं टाकतो.

प्रॉप लाकडाचा, हलका घ्या. रोटॅक्ससारखी खास विमानाची इंजिनं करणारी कंपनीसुद्धा प्रॉपच्या जडत्वावर मर्यादा घालते: ‘बी’ गिअरबॉक्सला ३००० आणि ‘सी’ला ६००० किलो-चौरस सेंटिमीटर. आपल्या प्रॉपचं जडत्व दोन दोऱ्यांना आडवा टांगून, झोके मोजून काढता येतं. अर्ध्या तासाचं काम आहे, ते टाळू नका.

वायरिंग. साइडस्टँड आणि क्लचचे स्विच शोधून बायपास करा. गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर मात्र विसरलात तर तो नको तिथे आपलं कर्तव्य बजावेल. आणि एका सिलिंडरला दोन-तीन स्पार्क प्लग आहेत म्हणून दुहेरी इग्निशन आहे असं समजू नका. इंजिन चालवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, एकच आहे, ते गेलं की सगळे प्लग एकदम गप्प.

पेट्रोल. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घ्या, फायबरची टाकी टाळा.

रेडिएटर. बाईकचाच, पण पंख्यासकट. जमिनीवर टॅक्सी करताना त्याचीच कसोटी लागते.

स्टँडवरची चाचणी. सिमेंटात रोवलेला स्टँड, खाली झाडून काढलेली फरशी. रानातलं एक ढेकूळ उडालं तरी लाकडी पात्याची कड जाते. प्रॉप ज्या पातळीत फिरतो त्या पातळीत कोणी उभं राहायचं नाही, पोरं तर शेडच्या बाहेरच. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगीला, घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरचं पातं चाचणीत तुटून एक तरुण कारागीर गेला. तोही जमिनीवरच होता. मी २५ तास स्टँडवर काढल्याशिवाय इंजिन फ्रेमला लावत नाही, त्यातला एक तास सलग पूर्ण थ्रॉटल.

कागद. स्टँडला परवानगी लागत नाही, उडायला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, लागते. मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उडण्याची परवानगी २०१९ मध्ये. ते तर व्यवसायाने पायलट. तेव्हा अर्ज रबर बसवायच्या आधीच टाका.

प्रत्येक चाचणीनंतर इंजिन गार होऊ द्या आणि बोल्टवर मारलेल्या पिवळ्या रंगाच्या रेघा बघा. एक जरी रेघ सरकलेली दिसली तर बोल्ट नुसता आवळून पुढे जाऊ नका. हब खोला, रबर बाहेर काढा, अंगठ्याने दाबून बघा.