गावात राहून सरकारी काम घरून करताना

सरकारी नोकरीतलं वर्क फ्रॉम होम कोरोनाच्या लॉकडाऊनसोबत संपलं असं कागदावर दिसते, पण खरं पाहिलं तर तलाठी, ग्रामसेवक, झेडपीचे मास्तर, अंगणवाडीताई, पंचायत समितीतले बाबू, सगळे रात्री जेवून झालं की मोबाईल नाहीतर लॅपटॉप घेऊन काही ना काही भरूनच राहिले. ऑफिसची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, माहिती भरायची सरकारी साइट मात्र चालते रात्री अकरानंतर. म्हणून हे लिहून राहिलो.

पहिले लाइटचं पाहा. लाइट गेली की राउटर बंद, आणि जास्त वेळ गेली की टॉवरही मरते, मग फुल चार्ज मोबाईल हातात असून काही कामाचा नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळते तो घेऊन टाका आणि दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांचे ठेवा, गावात कोणत्या कंपनीची रेंज कुठल्या खोलीत येते हे घरच्या पोरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते, त्यांना विचारा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी कामाचा विचारच सोडा, सकाळी सहा ते दहा बसा. कूलरच्या बोर्डावरच लॅपटॉपचा चार्जर लावू नका, मोटर सुरू होताना व्होल्टेज पडते, आणि कूलरच्या दमट हवेसमोर तर लॅपटॉप बिलकुल नाही.

फॉर्म थेट साइटवर भरत बसू नका. आधी सगळी माहिती एक्सेलमध्ये भरून घ्या, फोटो आणि पीडीएफ दिवसाच कमी केबीचे करून ठेवा, मराठी युनिकोडमध्येच टाइप करा नाहीतर वरच्या ऑफिसात उघडल्यावर सगळे किडेमकोडे दिसतात. मग रात्री सर्व्हर चालला की नुसतं चिकटवत जायचं.

पण माझ्या मते लाइट-नेट हा लहान त्रास आहे, मोठा त्रास म्हणजे तुम्ही घरी दिसता. घरी दिसला की माणूस रिकामाच असं गावानं ठरवलेलं असते. "साहेब घरीच हायेत ना, मंग एका सहीले काय लागते?" असं म्हणत म्हातारे बाबाजी ओसरीवर येऊन बसले की त्यांना परत पाठवणं जीवावर येते, चहा तर होतेच. त्यांना पाणी द्या, चहा द्या, पण सही घरी देऊ नका. एकदा दिली की दुसऱ्या दिवशी पाच जण. ऑफिसचा वार आणि वेळ कागदावर लिहून दाराला चिकटवून द्या, कोणाचे मूळ कागद घरी ठेवून घेऊ नका, मूळ नस्ती, म्हणजे ऑफिसची फाइल, तर घरी आणूच नका, स्कॅन आणा. एक पान गहाळ झालं तर चौकशी तुमचीच लागते. घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर व्हीसी (मोबाईल-लॅपटॉपवरची व्हिडिओ मीटिंग) सुरू असतानाच "वावरात मजुरांचा डबा नेऊन द्या" असा हुकूम सुटते आणि तुमचा माइक चालूच असते.

ग्रुपवर "अतितात्काळ, आज ५ वाजेपर्यंत" असा मेसेज आला की कळवण्यासारखं काही नसलं तरी निरंक, म्हणजे 'काही नाही' असा अहवाल, पाठवाच, आणि नुसतं व्हॉट्सॲपवर नाही, मेलवरही टाका. ग्रुपमध्ये शंभर मेसेजखाली तुमचा अहवाल दबते आणि यादीत तुमच्या नावापुढे अप्राप्त लागते, मग कारणे दाखवा नोटीस. लाइट गेली असंल तर वरिष्ठांना त्याच वेळी साधा एसएमएस करा, महावितरणचा मेसेज आला असंल तर त्याचा स्क्रीनशॉट. साइट अडकली तर तारीख-वेळ दिसंल असा एररचा फोटो काढा. तोंडी सांगितलेलं कोणी मानत नाही भाऊ, अन् तोंडी आदेशही तुम्ही मानू नका, "सर, तेवढं मेलवर टाकून द्या" म्हणायला लाजू नका.

डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असते, ते लावून कॉम्प्युटरवर सही होते) मात्र कोणाजवळ देऊ नका, ओळखीच्या ऑपरेटरजवळही नाही. तो कितीही चांगला असो, त्यानं मारलेली सही कायद्यानं तुमचीच धरतात. पासवर्ड टोकनवर चिटोरा लावून लिहू नका, आणि आठवत नसला तर अंदाजे मारत बसू नका, टोकन लॉक होते अन् मग तालुक्याला चकरा.