निद्रानाश की नैराश्य? आकडे वाचताना आणि उपचार घेताना या चुका टाळा

'दर तिसऱ्या माणसाला निद्रानाश' असा मथळा दिसला की आधी बघा, मोजलं काय? झोपेची एखादी तक्रार आहे का, एवढंच विचारलं तर सुमारे ३० टक्के प्रौढ हो म्हणतात. निदानासाठी मात्र आठवड्यातून किमान ३ रात्री, किमान ३ महिने त्रास हवा आणि त्याचा दिवसावरही परिणाम हवा. हे निकष लावले की आकडा १० टक्क्यांच्या आसपास उतरतो.

नैराश्याच्या प्रश्नावलीतली गफलत याहून अवघड. पीएचक्यू-९ मध्ये ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. त्यातला एक प्रश्न झोपेचा, एक थकव्याचा, एक एकाग्रतेचा. रोज रात्री तळमळणाऱ्याला या तिन्हींतच ९ गुण मिळू शकतात, मन अजिबात उदास नसताना! आणि १० गुण झाले की 'नैराश्य असू शकतं' असा इशारा मिळतो. म्हणून एकूण गुणांवर थांबू नका, कुठल्या प्रश्नाला किती पडले ते बघा. ही प्रश्नावली फक्त चाळणी आहे, निदान डॉक्टर बोलून करतात. नवव्या प्रश्नाचं, म्हणजे जीव नकोसा वाटण्याचं उत्तर 'हो' असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मदत घ्या.

'नैराश्य बरं झालं की झोप आपोआप येईल' ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी समजूत. मन सावरल्यावरही अनेकांची झोप बिघडलेलीच राहते, आणि अशांचं नैराश्य उलटण्याचा धोका जास्त असतो. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीने २०१३ मध्ये प्राथमिक (स्वतंत्र) आणि दुय्यम (दुसऱ्या आजारामुळे होणारा) निद्रानाश हा भेदच काढून टाकला. दोन्ही आजार असतील तर दोन्हींवर उपचार मागा.

निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही, सीबीटी-आय आहे, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये तशी स्पष्ट शिफारस केली. तरी लोक तो अर्ध्यात सोडतात, कारण सुरुवात कठीण जाते: अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच ठेवावा लागतो. समजा कुणी १० ते ७ अंथरुणात असतो, पण झोपतो साडेपाच तास. त्याला आता साडेबारालाच आडवं व्हायचं आणि ६ ला उठायचं असं सांगतात. पहिले काही दिवस डोळे चुरचुरतात, चिडचिड होते. नेमकं तेव्हाच दुपारी डुलकी काढली किंवा सुट्टीच्या दिवशी ९ पर्यंत लोळलं की साठवलेली झोपेची ओढ वाया जाते. अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला की १५-१५ मिनिटं वाढवतात. बायपोलर आजार किंवा अपस्मार असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने नकोच, कमी झोपेने उन्माद किंवा झटका येऊ शकतो. गाडी चालवणाऱ्यांनीही जपावं.

झोपेच्या गोळ्या आधीच सुरू असतील तर एकदम बंद करू नका; डोस डॉक्टरांनी हळूहळू उतरवायचा असतो. आणि घोरणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं असेल तर आधी स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. त्यात श्वास अडतो, आणि काही झोपेच्या गोळ्यांनी तो आणखी अडू शकतो.