फिक्सीवर ताम्हिणी: मागचं चाक सरकायचं तेव्हा

माझी ट्रॅकची फिक्सी, म्हणजे एकच गिअरची, चाक फिरतं तोवर पायडलही फिरतच राहणारी सायकल. पुढे 48 दाते, मागे 16. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाच्या 3 फेऱ्या. सपाटीवर मस्त, पण पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला जायचं म्हटल्यावर चढ सोपा जावा म्हणून मागे 20 दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) टाकलं आणि चेनमध्ये दोन कड्या वाढवल्या. अ‍ॅक्सल (मागच्या चाकाचा आस) होता तिथेच बसला.

खरी कटकट वेगळीच. सरावाच्या चढावर उभं राहून जोर लावला की चेनच्या बाजूने अ‍ॅक्सल पुढे सरकायचा, चाक तिरकं व्हायचं आणि टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासायचा. नट कितीही आवळा, तेच. शेवटी अ‍ॅक्सलवर चेन अ‍ॅडजस्टर (अ‍ॅक्सलला मागे धरून ठेवणारा स्क्रू) बसवला, नटाखालचं ग्रीस पुसलं, 15 च्या पान्याने दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. चेन मधोमध सेंटीमीटरभर हलेल एवढीच ढिली ठेवली. त्यानंतर चाक जागचं हललं नाही.

फ्रेमला कॅरिअरची भोकं नाहीत, म्हणून सामान सीटमागच्या पिशवीत. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला मात्र भोक होतं, तिथे पुढचा ब्रेक लावला. ब्रेकशिवाय घाट उतरू नका, कृपया. नुसत्या पायांनी पायडल रोखायचं तर गुडघे इतका भार झेलत नाहीत.