स्विचवर खापर फोडण्यापूर्वी : मेकॅनिकल कीबोर्डच्या बाबतीत या चुका टाळा

दिवसाचे आठ-दहा तास कोड लिहिणाऱ्या माणसाला आपल्या कीबोर्डबद्दल आस्था वाटणे स्वाभाविक आहे, आणि ही आस्था बहुतेक वेळा स्विचपासून, म्हणजे प्रत्येक कळेखाली बसवलेल्या छोट्या यंत्रणेपासून, सुरू होते. अडचण अशी की कीबोर्ड मनासारखा चालेनासा झाला की दोषही सर्वांत आधी स्विचलाच दिला जातो. नवा संच मागवला जातो, पैसे खर्च होतात, आणि मूळ दोष जिथे होता तिथेच राहतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हीच घाई आहे.

खरेदीच्या वेळची पहिली चूक म्हणजे रंगावरून स्विच निवडणे. चेरी एमएक्स मालिकेत लाल म्हणजे हलका लिनिअर (अडथळ्याविना एकसारखा खाली जाणारा), तपकिरी म्हणजे सौम्य टॅक्टाइल (दाबताना मध्येच उठाव जाणवणारा) आणि निळा म्हणजे क्लिकी (उठावासोबत ‘टिक’ आवाज करणारा) अशी ओळख रुळली, आणि इतर उत्पादकांनीही साधारणपणे तीच पाळली. परंतु रंगाचे कोणतेही बंधनकारक मानक नाही. चेरीचा ‘क्लिअर’ हा जड स्प्रिंगचा, ठळक उठाव असलेला टॅक्टाइल स्विच आहे, तर गेटरॉनचा ‘क्लिअर’ हा अतिशय हलका लिनिअर आहे. नावावर विसंबून एकाऐवजी दुसरा मागवणाऱ्याच्या हाती नेमकी उलट प्रकृतीची वस्तू पडते. म्हणून प्रकार, स्प्रिंगचा भार आणि कळ नोंदली जाण्यापूर्वीचे अंतर या तीन गोष्टी उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहूनच निर्णय घ्यावा.

भाराचा आकडाही नीट वाचावा लागतो. एमएक्स रेडसाठी ४५ आणि एमएक्स ब्लॅकसाठी ६० सेंटिन्यूटन हे आकडे कळ नोंदली जाते त्या बिंदूचे आहेत, आणि हा बिंदू सुमारे ४ मिलिमीटरच्या एकूण प्रवासात साधारण २ मिलिमीटरवर येतो. बहुतेक जण कळ तळापर्यंत दाबतात, त्यामुळे बोटांना प्रत्यक्ष जाणवणारा भार आकड्यापेक्षा जास्त असतो. संध्याकाळी बोटे दुखत असतील तर या दुसऱ्या भाराची चौकशी करावी. माझी स्वतःची पसंती दीर्घ कामासाठी स्पष्ट उठावाच्या, पण आवाज न करणाऱ्या टॅक्टाइल स्विचला आहे, आणि बोबा यू४ हा त्यातला मला सर्वांत आवडणारा स्विच. कळ नोंदली गेल्याची खूण तो बोटाला देतो आणि शेजारच्या टेबलापर्यंत काहीही पोहोचू देत नाही. क्लिकी स्विच घेऊन नंतर कीकॅपखाली (कळेवरच्या टोपीखाली) रबरी कड्या बसवणे हा सामायिक कार्यालयातला नेहमीचा उपाय निरुपयोगी आहे, कारण कडी फक्त तळाशी आपटण्याचा आवाज मंद करते. ‘टिक’ हा आवाज मात्र स्विचच्या आतील यंत्रणेतून, कळ तळाला पोहोचण्याआधीच निघतो.

आकाराबाबतची चूक प्रोग्रामरला अधिक महागात पडते. साठ टक्के आकाराच्या कीबोर्डवर बाणाच्या आणि एफ-मालिकेतल्या कळा दुसऱ्या लेयरवर, म्हणजे वेगळी कळ धरल्यावरच मिळणाऱ्या थरावर, जातात, आणि डिबगरमध्ये टप्प्याटप्प्याने पुढे सरकताना प्रत्येक वेळी दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात. चाळीस टक्के आकारात तर अंकांची ओळ, चौकोनी कंस, बॅकस्लॅश आणि बरोबरचे चिन्ह हे सर्वच लेयरवर जाते. कोड लिहिताना हे खटकतेच, पण इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळमांडणीने मराठी टंकणाऱ्याला त्याचा दुहेरी फटका बसतो, कारण त्या मांडणीत ‘ड’ आणि ‘ढ’ डाव्या चौकोनी कंसाच्या कळेवर, ‘ञ’ उजव्या कंसाच्या कळेवर, ‘ॉ’ बॅकस्लॅशवर आणि ‘ृ’ बरोबरच्या चिन्हावर आहे. अशा कीबोर्डवर ‘डॉक्टर’ हा साधा शब्द लिहितानाही पहिल्या दोन खुणांसाठी लेयर बदलावा लागतो. ज्याला कोड आणि मराठी दोन्ही रोज लिहायचे आहे त्याने ७५ टक्के किंवा ८७ कळांच्या आकाराखाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बिघाडांकडे वळू. हॉट-स्वॅप कीबोर्डवर (ज्यात स्विच सोल्डरिंगविना सॉकेटमधून काढता-घालता येतात) स्विच बदलल्यानंतर एखादी कळ मुळीच चालेनाशी झाली, तर स्विच बाहेर काढून त्याच्या धातूच्या पिना पाहाव्यात. स्विच थोडा तिरका दाबला गेला की एखादी पिन सॉकेटमध्ये शिरण्याऐवजी दुमडते. चिमट्याने ती हलकेच सरळ करून, स्विच उभा धरून सरळ खाली दाबावा, आणि शक्य असल्यास दाबताना पीसीबीला, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाला, मागून बोटाचा आधार द्यावा. आधाराविना जोर लावल्यास सॉकेट पीसीबीवरून उखडू शकते, आणि मग सोल्डरिंगशिवाय मार्ग उरत नाही. पाच पिनांचा स्विच तीन पिनांच्या पीसीबीवर बसत नसेल तर कडेचे प्लास्टिकचे दोन बारीक खुंट कापून टाकावेत. धातूच्या पिनांना हात लावू नये. ऑप्टिकल, चुंबकीय आणि चॉकसारखे कमी उंचीचे स्विच सामान्य एमएक्स सॉकेटमध्ये बसतील असे गृहीत धरू नये.

एकदा दाबूनही अक्षर दोनदा उमटणे ही सर्वांत सामान्य तक्रार. संपर्क जुळताना धातूची पाती क्षणभर थरथरते, आणि ती थरथर वगळण्यासाठी फर्मवेअर (कीबोर्डच्या आतली आज्ञावली) थोडा वेळ थांबते. क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्ये हा थांबण्याचा, म्हणजे डीबाउन्स, काळ मुळात ५ मिलिसेकंद असतो. तो वाढवल्यास लक्षण झाकले जाते, कारण मात्र सापडत नाही. त्याआधी संशयित स्विच शेजारच्या जागी लावून पाहावा. दोष स्विचबरोबर सरकला तर स्विच खराब आहे. दोष जुन्याच जागी राहिला तर सॉकेट किंवा त्याचा जोड तपासावा. एक संपूर्ण ओळ किंवा स्तंभ बंद पडला असेल तर स्विचकडे पाहण्याचेही कारण नाही, कारण सर्व स्विच एकाच वेळी बिघडत नाहीत. तिथे पीसीबीवरील वाहक मार्ग तुटलेला असतो किंवा कंट्रोलरची (कळा वाचणाऱ्या चिपची) एखादी पिन निकामी झालेली असते. कॅप्स लॉकसारख्या एकाच कळेला टॅपसाठी एस्केप आणि दाबून धरल्यास कंट्रोल अशी दोन कामे दिली असतील, आणि चुकीचे काम घडत असेल, तर तोही स्विचचा दोष नव्हे. क्यूएमकेमध्ये टॅप आणि धरणे यांतील सीमा मुळात २०० मिलिसेकंद असते, ती आपल्या वेगानुसार बदलावी.

स्पेसबार किंवा एंटर खडखडत असेल तर दोष जवळजवळ नेहमी स्टॅबिलायझरच्या (लांब कळ समतोल ठेवणाऱ्या भागाच्या) तारेत असतो. तार सपाट पृष्ठभागावर ठेवून दोन्ही टोके सारखी टेकतात का ते पाहावे, वाकलेली असल्यास सरळ करावी, आणि तारेची टोके प्लास्टिकमध्ये शिरतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावे. इथे सढळ हात चालतो, पण स्विचमध्ये तो घात करतो. लिनिअर स्विचच्या स्टेमला (आत खाली-वर सरकणाऱ्या भागाला) क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा इतका पातळ थर पुरतो की तो जेमतेम चमकावा; जाड थराने कळ सुस्तपणे वर येते. टॅक्टाइल स्विचमध्ये स्टेमच्या पायांना वंगण लावल्यास उठावच बोथट होतो, म्हणून ते पाय कोरडे ठेवावेत. डब्ल्यूडी-४०सारखा फवारा कोणत्याही स्विचमध्ये मारू नये.

कीबोर्ड मुळीच सुरू होत नसेल तर प्रथम केबल बदलून पाहावी. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. काही स्वस्त कीबोर्डांत टाइप-सी जोडासाठी आवश्यक असलेले ५.१ किलोओहमचे रोधक नसतात, त्यामुळे ते दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर निपचित पडून राहतात आणि साध्या यूएसबी-ए केबलवर व्यवस्थित चालतात.

चहा सांडला तर केबल तत्क्षणी काढावी आणि ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी कळा दाबत बसू नये. कीबोर्ड उलटा धरून निथळू द्यावा. नुसते वाळवणे पुरेसे नाही, कारण पाणी उडून जाते, साखर आणि दूध स्विचमध्येच राहते. भिजलेले स्विच काढून, उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावेत, पीसीबीही त्यानेच पुसावा, आणि सर्व भाग पूर्ण कोरडे झाल्यावरच केबल जोडावी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम करायचे असेल तर हवेतल्या ओलाव्यामुळे वाळायला अधिक वेळ लागतो, हे ध्यानात घेऊन एक दिवस जास्त द्यावा.