निकालानंतर उत्तरपत्रिका वाचायची कशी: दहावीत एखादा विषय राहिलेल्या मुलांच्या पालकांसाठी

गेली काही वर्षं दहावीचा निकाल दुपारी एकला ऑनलाइन दिसतो आणि सव्वा वाजायच्या आत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चुलत-मामे भावंडांच्या गुणपत्रिकांचे स्क्रीनशॉट यायला लागतात. ज्या घरात गणितापुढे 100 पैकी 19 दिसतात, त्या घरातल्या पालकांनी त्या दिवशी सगळ्यात आधी एक काम करावं. मुलाची गुणपत्रिका कुठेही पाठवू नये. आजी-आजोबा, काका, आत्या यांना काय आणि कोणी सांगायचं ते मुलाला विचारूनच ठरवावं आणि मग ते फोन आई-वडिलांनी स्वतः करावेत. मूल त्या दिवशी प्रत्येक निरोप वाचत असतं. आपल्याबद्दल कोणाला काय कळलंय हे त्याला माहीत असलं की निम्मी धास्ती कमी होते.

आता वेळेचा हिशोब. 2025 मध्ये महाराष्ट्र राज्य मंडळाचा निकाल 13 मे रोजी लागला आणि पुरवणी परीक्षा 24 जूनला सुरू झाली, म्हणजे मध्ये सहा आठवडे मिळाले. 2024 मध्ये सात मिळाले होते. पुरवणीचा अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो आणि मुदत निकालानंतर लवकरच संपते, म्हणून त्याच आठवड्यात शाळेत जाऊन या. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो. ही गोष्ट मुलाला पहिल्याच संध्याकाळी सांगा, कारण बरीच मुलं 'वर्ष गेलं' असंच धरून बसतात.

त्याच आठवड्यात उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठीही अर्ज करा. तो मंडळाच्या संकेतस्थळावर भरता येतो. पुष्कळ पालक छायाप्रत मागवतात ती फक्त गुण वाढतील या आशेने. पुनर्मूल्यांकन करायचं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो, हे खरं. पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे. 19 हा आकडा किती गेले ते सांगतो. कुठे गेले ते फक्त उत्तरपत्रिकेत दिसतं.

ती पहिल्यांदा वाचताना पालकांनी हातात पेन घेऊ नये. मुलाला शेजारी बसवा, प्रश्नपत्रिका समोर ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला एकच विचारा, 'इथे काय झालं?' उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. 'मूर्खपणा झाला' किंवा 'लक्ष नव्हतं' ही उत्तरं चालवून घेऊ नका, कारण त्यावर पुढे काही करता येत नाही. चुका साधारण पाच जातींच्या निघतात: धडाच आला नव्हता, सूत्र आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड किंवा चिन्ह चुकलं, वेळ संपला. प्रत्येक चुकीपुढे तिची जात आणि गेलेले गुण लिहा आणि शेवटी जातवार बेरीज करा. ही बेरीज बघून घरातली चर्चाच बदलते. 'याचं गणित कच्चं आहे' असं आपण वर्षभर म्हणत असतो आणि कागदावर दिसतं की बीजगणिताच्या 40 पैकी 9 गुण नुसत्या चिन्हांपायी गेले आहेत.

यानंतर एक शंभर पानी वही घ्या. मुलांनी तिला काय म्हणायचं ते त्यांना ठरवू द्या. डावीकडच्या पानावर चुकलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवायचं, त्यात काहीही दुरुस्त न करता. उजवीकडे वर 'मी काय समजलो' हे एका वाक्यात, त्याखाली बरोबर उत्तर आणि सगळ्यात खाली त्याच धाटणीचं एक नवं उदाहरण. मुलं डावं पान गाळायला बघतात, कारण स्वतःची चूक पुन्हा हाताने लिहिणं जड जातं. तिथेच थोडं थांबून धीर द्या. सगळं शिकणं त्या पानावर आहे.

उदाहरण घेऊ. क्ष वर्ग + 3क्ष − 10 = 0 या समीकरणाचा विवेचक (b² − 4ac) काढताना कितीतरी मुलं 9 − 40 = −31 लिहितात आणि 'वास्तव मुळे नाहीत' असं उत्तर देऊन पुढे जातात. स्थिर पद −10 असल्यामुळे वजाला वजा भेटून 9 + 40 = 49 येतं आणि मुळे 2 व −5 निघतात. उजव्या पानावरचं वाक्य असं हवं: 'मी 10 चं चिन्ह सूत्रात घातलंच नाही.' 'चिन्ह चुकलं' एवढंच पुरत नाही, कोणतं आणि कुठे ते हवं. तसंच अंकगणिती श्रेढीचं. 5, 8, 11… या श्रेढीचं विसावं पद 5 + 19 × 3 = 62, पण मुलं 20 ने गुणून 65 लिहितात. इथे वाक्य होईल: 'विसाव्या पदापर्यंत उड्या एकोणीसच असतात, हे मी विसरलो.' अशी वीस-पंचवीस वाक्यं जमली की मुलालाच दिसतं, त्याच त्या तीन-चार चुका परत परत येताहेत.

वेळ संपल्यामुळे गेलेल्या गुणांना वेगळा उपाय लागतो. गणिताच्या एका भागाला 40 गुण आणि दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. चार गुणांच्या उदाहरणाला बारा मिनिटं झाली की पान सोडून पुढे जायचं, ही सवय घरी घड्याळ लावूनच होते. आठवड्यातून दोनदा पूर्ण पेपर, डायनिंग टेबलावर, सलग बसून. पेपर तपासून झाल्यावर वहीत भर घाला.

ऑनलाइन अभ्यासाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कारण पुढची पायरी शिक्षक लिहीत असतात. नियम एकच ठेवा: उदाहरण वाचून झालं की व्हिडिओ थांबवायचा, वहीत सोडवायचं आणि मगच पुढे न्यायचा. अशाने वीस मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास लागतो, लागू दे. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत पीडीएफ स्वरूपात मिळतात. लागणारं प्रकरण छापून घ्या, म्हणजे पुस्तकासाठी फोन उघडावा लागत नाही.

फोन काढून घेणं हा बहुतेक घरांतला पहिला विचार असतो आणि तो सहसा उलटतो. नापास झालेलं मूल आधीच मित्रांपासून तुटत असतं, फोन गेला की पुरतं एकटं पडतं किंवा दुसऱ्याच्या फोनवर लपून जगतं. त्यापेक्षा अभ्यासाच्या वेळी आणि रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन, आपलेसुद्धा, स्वयंपाकघरातल्या चार्जिंगच्या जागी. या दिवसांत 'गुण वाढवून देतो' असे निरोप आले तर उत्तर देऊ नका; पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं किंवा 'मी नसतो तर बरं' अशा अर्थाचं काही बोललं, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो.

शेवटच्या तीन दिवसांत नवं काही सोडवायला देऊ नका. वहीतली फक्त उजवीकडची वरची वाक्यं एका कागदावर उतरवून घ्यायला सांगा. दोन्ही बाजू मिळून एकच कागद. परीक्षा केंद्राबाहेर उभं असताना वाचायला तेवढाच हातात असू दे.