मुक्काम किती दिवसांचा? माझा अनुभव

पाठीवर बॅग टाकून विदर्भ फिरायला निघालो, तेव्हा शेगाव, लोणार, चिखलदरा, सेवाग्राम, ताडोबा अशा सगळ्यांना सरसकट दोन-दोन दिवस दिले होते. लोणारलाच गणित फसलं. दोनातला एक दिवस एसटी बदलण्यात गेला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर नुसतं काठावरून पाहून निघावं लागलं. फार हळहळ वाटली.

पुढे परतवाड्याच्या स्टँडवर एक कंडक्टर म्हणाले, "भाऊ, गाडीतला दिवस धरू नोको. त्या गावात किती खेपा उजाडते, थे मोज."

तिथंच तिकिटामागे नवा हिशेब मांडला. लोणारला परत जायचं, तीन सकाळी: एक काठाची, एक खाली उतरून पाण्याजवळच्या देवळांची, एक दैत्यसूदन मंदिराच्या कोरीव कामाची. सेवाग्रामला एक, बापूकुटीच्या मातीच्या भिंतींजवळ निवांत बसायला तेवढी पुरली. ताडोबा मंगळवारी बंद, म्हणून सफारीची तारीख आधी पक्की केली आणि बाकीची गावं तिच्या मागेपुढे बसवली. एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवला. तो चिखलदऱ्याला लागला: पहिल्या दिवशी भीमकुंडावर धुक्यात काहीच दिसलं नाही, दुसऱ्या सकाळी अख्खी दरी उघडली.