घोडीची माय कोण? मातृवंशाच्या कामात उतरणाऱ्यांसाठी

विभागातल्या सेमिनारमध्ये मी स्लाईडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'नागपुरातल्या वरातीच्या घोड्यांत प्रझेवाल्स्की घोड्याचा मातृवंश.' सगळे दोन क्षण गप्प. मग मागच्या बाकावरून एका सरांनी शांतपणे विचारलं, "मंगोलियाचा रानघोडा इतवारीत कधी येऊन गेला म्हणे?" त्यानंतर जो हशा पिकला, तो मला आजही फुटाळा तलावावर चहा पिताना मधेच ऐकू येतो. सात महिन्यांचं काम होतं ते.

तुम्ही पशुवैद्यकचे असाल किंवा बायोटेकचे, मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा डीएनए) आईकडून येतो, त्याची सरमिसळ होत नाही, त्यातला डी-लूप नावाचा तुकडा भराभर बदलतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते सोडून देते. मी पडले ते अक्षरांच्या खड्ड्यात. तो मात्र नीट सांगते, कारण प्रयोगशाळेत हे कोणी शिकवत नाही.

घोड्यांच्या मातृवंशाच्या गटांना इंग्रजी अक्षरं दिलेली असतात. जान्सेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ६५२ घोड्यांचा डी-लूपमधला डीएनएच्या २४७ अक्षरांचा तुकडा घेऊन ए ते जी असे गट पाडले. ए-१, डी-१, एफ-२ असे पोटगट धरून एकूण १७. माणसाळवताना निदान ७७ घोड्या रानातून आल्या असाव्यात, हा त्यांचा अंदाज. मग २०१२ मध्ये अकिली आणि सहकाऱ्यांनी ८३ घोड्यांचे मायटोकॉन्ड्रियल जीनोम अख्खे वाचले, म्हणजे प्रत्येकी सुमारे १६,६६० अक्षरं, आणि नव्याने १८ गट केले, ए ते आर. गटांची अक्षरं तीच, अर्थ वेगळे! २००२ च्या पद्धतीत प्रझेवाल्स्की ए-२ मध्ये बसतो आणि एफ म्हणजे साधे पाळीव घोडे. २०१२ च्या पद्धतीत एफ हा फक्त प्रझेवाल्स्कीचा.

आता माझी गंमत बघा. एका सिनियरने प्रेमाने दिलेली एक्सेल शीट होती, 'हॅप्लोग्रुप' (म्हणजे मातृवंशाचा गट) नावाचा एकच रकाना. माझ्या तीन घोड्या तिच्यातल्या एफच्या ओळींशी जुळल्या. त्या ओळी जुन्या पद्धतीच्या होत्या. एफचा अर्थ बघायला मी उघडला नवा पेपर. झालं. प्रझेवाल्स्कीची गुणसूत्रं ६६, पाळीव घोड्याची ६४, हे मला पाठ होतं. तरी 'आपल्याला काहीतरी मोठं सापडलं' या धुंदीत एकदाही थबकले नाही.

देशमुख वऱ्हाडातही आहेत आणि मराठवाड्यातही. आडनाव एक म्हणून कोणी भाऊबंद ठरत नाही, तसंच हे. म्हणून अक्षराशेजारी कोणाची पद्धत, कोणतं साल, हे लिहिल्याशिवाय शीट बंद करू नका. आणि तुलना अक्षरांची नको, बदलांच्या जागांची करा: एक्स ७९५४७ या क्रमांकाने नोंदवलेल्या घोड्याच्या संदर्भक्रमाशी जुळवून कुठल्या क्रमांकावर काय बदललं ते लिहा. जागा खोटं बोलत नाहीत. दुसरं, नव्या पद्धतीतले गट ओळखणारे बरेच बदल डी-लूपच्या बाहेर आहेत. नुसता डी-लूप वाचला असेल तर कित्येकदा अक्षर ठरतच नाही. तिथे 'निश्चित नाही' लिहायचं. त्यात लाज कसली? मी तसं लिहिलं आणि परीक्षकांनी ते निमूट मान्य केलं.

शीट देणाऱ्या सिनियरवर माझा राग नाही. (थोडा आहे.) पण आयत्या शीटवर आणि एका क्लिकमध्ये गट सांगणाऱ्या साधनांवर माझा विश्वास उरला नाही तो नाहीच. गाईडबद्दलही एक सांगते: नावाजलेला नसला तरी चालेल, पण तुमचा क्रोमॅटोग्राम (डीएनए वाचणाऱ्या यंत्राने काढलेला आलेख) स्वतः उघडून शिखरं बघणारा हवा. "छान, पुढे चला" म्हणणारे गोड गाईड फार महागात पडतात.

नमुन्यांचं थोडक्यात. लग्नसराईत घोडीवाल्यांना संध्याकाळी गाठू नका, सकाळी जा. केस नुसते कापून फारसा उपयोग नाही, मुळासकट उपटावे लागतात. पंचवीसेक पुरतात, कागदी पाकिटात कोरडे ठेवायचे. एक काका मला म्हणाले, "म्याडम, घोडीले टक्कल पाडता का?" त्यांना मूळ दाखवलं, त्या पांढऱ्या ठिपक्यात हिची आई आहे म्हटलं, तेव्हा स्वतःच उपटून दिले. एका आईच्या दोन घोड्या घेऊ नका, एकच वंश दोनदा मोजला जातो. मालकाला विचारा, पण त्याच्या सांगण्यावर सगळा डोलारा उभारू नका. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची छापील वंशावळ १७९१ पासूनची, तिच्यातही आईकडच्या नोंदी चुकल्याचं डीएनएने दाखवलंय. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तोंडी सांगितलेल्या वंशाचं काय घेऊन बसलात!

आणि मारवाडी, काठियावाडी, भीमथडी यातली जात एका अक्षरावरून ठरवायला जाऊ नका. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. तुमच्या हातात आलेला धागा त्यातल्या एकीचा. एकाच जातीत अनेक गट सापडतात, एकच गट अनेक जातींत. पहिल्यांदा हे बघून 'माझं काम फसलं' असं वाटतं. फसलेलं नसतं. घोड्यांचं असंच आहे, आणि तुमचे निकाल विस्कळीत दिसत असतील तर बहुतेक ते बरोबर आहेत.

स्लाईड बदलून मी परत सेमिनार दिला. भर मे महिना, वीज गेलेली, समोर सहा जण. नंतर त्या काकांकडे जाऊन सांगितलं की तुमच्या घोडीच्या आईकडचा धागा देशोदेशीच्या पाळीव घोड्यांत सापडतो, खास असा काही नाही. काकांनी खरारा बाजूला ठेवला. "इची माय पुष्करच्या मेळ्यातून आनली होती, हे त मी तुमाले पयल्याच दिवशी सांगतलं होतं," ते म्हणाले, आणि पुढच्या वरातीसाठी घोडीच्या कपाळावर झालर बांधायला लागले.